फोनवर बोलण्यासाठी ब्लूटूथ हेडसेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात घाऊक औषधांच्या दुकानात मी फोनवर ऑर्डरी घेतो. शिरूर, दौंड, जुन्नर, नारायणगाव, ओतूर इथले मेडिकलवाले सकाळी दुकान उघडलं की फोन करतात आणि दुपारपर्यंत माझा कान मोकळा होत नाही. हात बिलावर, डोळे स्टॉकच्या पडद्यावर, म्हणून हेडसेट लागतोच. माझ्या कानाला तो बघून ओळखीचे लोक विचारत राहतात की कोणता घ्यावा आणि घेतलेला चांगला आहे हे कसं समजावं. तेच प्रश्न आणि माझी उत्तरं इथे मांडली आहेत. गाणी ऐकण्याबद्दल यात फारसं काही नाही. हे सगळं बोलण्यापुरतं आहे.

हेडसेट चांगला आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

समोरच्याला विचारून. दुसरा खात्रीचा मार्ग मला सापडलेला नाही.

आपण विकत घेतो तेव्हा दुकानदार गाणं लावून देतो. आवाज भारदस्त वाटतो, आपण पैसे देतो. पण गाण्यात फक्त स्पीकरची परीक्षा होते. फोनवर तुमचा आवाज पलीकडे नेण्याचं काम माइकचं असतं आणि त्याचा निकाल तुमच्या कानाला कधीच कळत नाही. माझा पहिला हेडसेट मी तीन आठवडे खुशीत वापरला, कारण मला सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. मग एका मेडिकलवाल्यांचा फोन आला. त्यांना रक्तदाबाच्या गोळ्यांच्या साठ पट्ट्या हव्या होत्या आणि आमच्याकडून गेल्या आठ. मी ऑर्डर परत वाचून दाखवली होती, त्यांनी ‘हो, बरोबर’ही म्हटलं होतं. मी ‘आठ’ म्हणालो, त्यांना ‘साठ’ ऐकू आलं. वर ते म्हणाले, “तुमचा आवाज बरेच दिवस माठातून आल्यासारखा येतोय, पण कसं सांगायचं म्हणून बोललो नाही.” लोक स्वतःहून सांगत नाहीत. विचारावं लागतं.

मग घरी आणल्यावर नेमकी चाचणी कशी घ्यायची?

‘ऐकू येतंय का?’ असं विचारू नका. त्याला सगळे ‘हो’ म्हणतात. त्यापेक्षा आकडे वाचून दाखवा आणि समोरच्याला ते लिहून घ्यायला सांगा. मराठी आकडे या कामासाठी फार उपयोगी आहेत, कारण त्यांतले कितीतरी एका अक्षरावर उभे असतात. माझी यादी अशी: सात, साठ, आठ, सहा, दहा, त्रेपन्न, छप्पन्न, सदुसष्ट, अडुसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी, त्र्याण्णव. हे क्रम बदलून, नेहमीच्या बोलण्याच्या वेगाने, वीस आकडे होतील असे वाचायचे. एरवी फोनवर बोलताना मी ‘सहा सात, सदुसष्ट’ असं फोडून सांगतो, पण चाचणीत तसं करायचं नाही. वीसपैकी एखादा चुकला तर चालेल. तीन-चार चुकले तर हेडसेट परत.

हीच यादी चार ठिकाणी वाचा: बंद खोलीत, पंख्याखाली, टीव्हीवर बातम्या चालू असताना, आणि रहदारीच्या रस्त्याच्या कडेला. साधा सिमवरचा फोन आणि व्हॉट्सॲपवरचा फोन, दोन्ही करून बघा. दोघांची आवाज पाठवण्याची पद्धत वेगळी असते आणि एकात उत्तम वाटणारा हेडसेट दुसऱ्यात मार खाऊ शकतो. शक्य असेल तर ऐकणारी दोन माणसं ठेवा. त्यातलं एक साठीच्या पुढचं असावं, कारण वयाबरोबर बारीक, तीक्ष्ण आवाज आधी ऐकू येईनासे होतात. आपल्याला फोन करणारे सगळे तरुण कानांचे नसतात.

फोनमधल्या रेकॉर्डर ॲपवर आवाज भरून चाचणी घेऊ नका. बरीच ॲपं हेडसेट जोडलेला असूनही फोनचाच माइक वापरतात. आपण स्वतःचा स्वच्छ आवाज ऐकून खूश होतो आणि हेडसेटची परीक्षा झालेलीच नसते.

आवाज माठातून आल्यासारखा का येतो?

हे जरा सविस्तर सांगतो, कारण इथे गोम आहे.

जुन्या टेलिफोनच्या काळापासून फोनवरचा आवाज साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं) एवढ्या पट्ट्यात कापून पाठवला जातो. माणसाचं बोलणं समजायला तेवढं पुरतं. पण ‘स’ उच्चारताना जी शिटीसारखी हवा निघते, तिचा बराचसा जोर ४००० हर्ट्झच्या वर असतो. म्हणजे ‘साठ’मधला ‘स’ जवळजवळ कापला जातो आणि उरतं ते ‘आठ’. मग पलीकडच्याला दोन्ही सारखेच वाटतात. ‘फ’ आणि ‘थ’चंही तसंच होतं.

ब्लूटूथवर फोनचं बोलणं ज्या ठरावीक पद्धतीने जातं तिला हँड्स-फ्री प्रोफाइल म्हणतात. तिच्या जुन्या आवृत्त्यांत आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजून पाठवला जायचा, आणि मोजणीच्या निम्म्यापर्यंतचाच आवाज धरता येतो, त्यामुळे ४००० हर्ट्झच्या वरचं काही जाणंच शक्य नव्हतं. २०११च्या १.६ आवृत्तीपासून सेकंदाला १६००० वेळा मोजण्याची सोय आली आणि सुमारे ७००० हर्ट्झपर्यंतचा आवाज जाऊ लागला. खोक्यावर याला ‘एचडी व्हॉइस’ किंवा ‘वाइडबँड’ म्हणतात. २०२३च्या १.९ आवृत्तीत ही मोजणी ३२००० पर्यंत गेली आहे, पण तिचा फायदा फोन आणि हेडसेट दोन्ही तेवढे नवे असतील तरच.

तुमचा हेडसेट, तुमचा फोन, दोन्ही बाजूंची व्होएलटीई (४जीवरून बोलण्याची) सेवा आणि पलीकडचा फोन या सगळ्यांनी रुंद पट्टा सांभाळला तरच ‘स’ शाबूत पोचतो. कुठेही एक कडी जुनी निघाली की सगळा आवाज पुन्हा अरुंद होतो. म्हणून एकाशी बोलताना छान आणि दुसऱ्याशी बोलताना कोंदट असं होऊ शकतं, आणि त्यात दोष हेडसेटचा नसतो. आधी हेडसेट काढून नुसत्या फोनवरून त्याच माणसाशी बोला. फोनवरूनही कोंदट असेल तर हेडसेट बदलून पैसे घालवू नका.

खोक्यावर एलडीएसी, ॲप्टएक्स असं लिहिलंय. म्हणजे बोलणंही चांगलं होईल ना?

नाही. ही गाणी पाठवण्याची तंत्रं आहेत. फोन उचलला की हेडसेट दुसऱ्याच मार्गावर जातो आणि या नावांचा तिथे सहसा संबंध उरत नाही. विक्रेते ही नावं ठळक छापतात, माइकबद्दल मात्र एखादी ओळ असते. मी त्या एका ओळीसाठी खोकं उलटंपालटं करून बघतो.

आणि ब्लूटूथ ५.३, ५.४?

आकडा मोठा म्हणून आवाज चांगला असं नसतं. आवृत्तीबरोबर येणाऱ्या बऱ्याच सोयी ऐच्छिक असतात, कंपनीने त्या घातल्याच असतील असं नाही. ५.२ पासून एलई ऑडिओ नावाची कमी वीज खाणारी नवी पद्धत शक्य झाली, पण ती हेडसेटमध्ये आहे का आणि तुमच्या फोनमध्ये आहे का, हे वेगवेगळं तपासावं लागतं.

‘नॉइज कॅन्सलेशन’ आहे म्हणतात, तरी समोरच्याला माझ्याकडचा गोंगाट ऐकू येतो. असं कसं?

कारण एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एएनसी तुमच्या कानासाठी असतं. बाहेरच्या घरघरीच्या उलट लहर तयार करून ती घरघर तुमच्यापुरती दाबली जाते. समोरच्याला त्याचा काडीचाही उपयोग नाही. ईएनसी मात्र माइकसाठी असतं: तुमचा आवाज ठेवायचा आणि आसपासचा गाळायचा. फोनसाठी घेताना ईएनसीबद्दल विचारा.

तेही सगळीकडे सारखं चालत नाही. पंखा, कूलर, बसचं इंजिन असा एकसुरी आवाज ते सहज ओळखून काढून टाकतं. कुकरची शिट्टी, हॉर्न, भांडं पडणं हे अचानक येतं, म्हणून थोडं निसटतं. सर्वात अवघड म्हणजे दुसऱ्या माणसाचं बोलणं, कारण यंत्राला तोही आवाज जपण्यासारखाच वाटतो. आमच्या काउंटरवर शेजारचा सहकारी बोलत असला की महागड्या इअरबड्समधूनही त्याच्या ऑर्डरी माझ्या गिऱ्हाइकाला ऐकू जातात.

उलटा त्रासही होतो. गाळणी फार आक्रमक असली की तुमच्या बोलण्याची टोकंही कापली जातात. वाक्याचा पहिला शब्द अर्धा जातो, हळू बोललेलं गायब होतं, आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटतो. रस्त्यावरच्या चाचणीत आकडे लिहून घेणाऱ्याला ‘सुरुवात कापली जाते का?’ एवढं मुद्दाम विचारा.

नेकबँड, इअरबड्स, एका कानाचा, की डोक्यावरचा दांडीवाला?

दिवसभर बोलण्याचं काम असेल तर दांडीवाला. लाजू नका. माइक तोंडाजवळ असण्याला दुसरा पर्याय नाही: मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की माइकला पोचणारा तुमचा आवाज ६ डेसिबलने वाढतो आणि आजूबाजूचा गोंगाट तेवढाच राहतो. इअरबडचा माइक कानाशी असतो, तोंडापासून बराच लांब. ती तूट भरून काढायला त्यात दोन-तीन माइक आणि बरीच गणितं घालावी लागतात. दांडीला ती मेहनत मुळातच कमी लागते. दांडी ओठांच्या अगदी समोर नको, कोपऱ्याला ठेवा, नाहीतर श्वास आणि ‘प’, ‘भ’ फटाक्यासारखे फुटतात.

एका कानाचा हेडसेट आता दुकानांत कमी दिसतो, पण ज्यांना समोरच्या गिऱ्हाइकाशीही बोलायचं असतं त्यांना तो फार सोयीचा आहे. एक कान जगासाठी मोकळा राहतो.

नेकबँड हरवत नाही आणि त्याची बॅटरी मोठी असते. मात्र त्याचा माइक बहुधा वायरवर किंवा गळ्याशी असतो आणि कॉलरला, ओढणीला घासला की समोरच्याला खरखर ऐकू येते. मान हलवत बोलून ही चाचणी घ्या.

इअरबड्स अधूनमधून बोलणाऱ्यासाठी ठीक. रबरी बोळा कानात घट्ट बसला की आपलाच आवाज डोक्यात घुमतो. काहींना ते सहन होत नाही आणि नकळत ते एकतर ओरडतात नाहीतर पुटपुटतात. काही हेडसेटमध्ये आपला आवाज थोडासा आपल्याच कानात सोडण्याची सोय असते, तिला साइडटोन म्हणतात. ज्यांना फोनवर जोरात बोलायची सवय आहे त्यांनी ती असलेलाच घ्यावा, घरचे दुवा देतील.

घरात नीट चालतो, मैदानात गेलं की आवाज तुटतो. उलटं व्हायला नको का?

बहुतेकांना असंच वाटतं. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतं आणि माणसाचं शरीर, म्हणजे त्यातलं पाणी, या लहरी शोषून घेतं. फोन उजव्या मागच्या खिशात आणि हेडसेट डाव्या कानात असला की मध्ये आपणच भिंत होतो. घरात लहरी भिंती-छतावर आपटून वळसा घालून पोचतात. मोकळ्या मैदानात परतवणारं काही नसतं, म्हणून तुटतं. फोन त्याच बाजूच्या वरच्या खिशात ठेवून बघा. बऱ्याच वेळा तेवढ्याने सुटतं.

घरातच तुटत असेल तर वाय-फाय आणि मायक्रोवेव्ह ओव्हन बघा, दोन्ही त्याच पट्ट्यात असतात. ब्लूटूथ अडथळ्याची जागा टाळत सतत उड्या मारतं, जुन्या पद्धतीत ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १६०० वेळा, तरी दाटी फार झाली की खरखर येते. राउटरवर ५ गिगाहर्ट्झची सोय असेल तर फोन आणि लॅपटॉप तिकडे हलवा.

खोक्यावरचं ‘१० मीटर’ हे मोकळ्या, समोरासमोरच्या अंतराचं माप समजा. मध्ये भिंत आली की ते धरून चालू नका.

खोक्यावर ‘४० तास’ लिहिलंय, माझा दुपारी तीनलाच मरतो.

त्या चाळीसात डबीतून पुन्हा पुन्हा केलेलं चार्जिंग मिळवलेलं असतं. आणि तो आकडा मध्यम आवाजात गाणी ऐकण्याचा असतो. बोलताना माइक, गाळणी, दुतर्फा प्रसारण सगळं चालू राहतं, म्हणून वीज जास्त जाते. ‘टॉक टाइम’ वेगळा लिहिला असेल तो बघा. नसेल तर पूर्ण चार्ज करून एक लांब फोन लावून ठेवा आणि घड्याळ बघा.

शिवाय या बॅटऱ्या इवल्याशा असतात. रोज रिकाम्या करून भरल्या तर दीड-दोन वर्षांत त्यांचा जोर कमी झालेला जाणवतो आणि इअरबडमधली बॅटरी बदलून मिळणं दुरापास्त. उन्हात उभ्या गाडीत डबी ठेवणं टाळा. उष्णता बॅटरीला सगळ्यात लवकर मारते.

माझ्याकडे दोन फोन आहेत. एकच हेडसेट दोन्हींना चालेल?

मल्टिपॉइंट, म्हणजे एकाच वेळी दोन फोनना जोडलेलं राहण्याची सोय, असेल तर. एकाच फोनमध्ये दोन सिम असतील तर त्याची गरज नाही. चाचणी अशी घ्या की एका फोनवर बोलत असताना दुसऱ्यावर फोन येऊ द्या. चांगला हेडसेट हळूच सूचना देतो. वाईट हेडसेट चालू बोलणं तोडून नव्या फोनकडे पळतो, आणि गिऱ्हाइकाला वाटतं आपण फोन आपटला.

लॅपटॉपवर मीटिंगला जोडला की आवाज एकदम खराब का होतो?

लॅपटॉपने हेडसेटचा माइक मागितला की तो गाण्याच्या मार्गावरून बोलण्याच्या मार्गावर उतरतो आणि ऐकू येणारा आवाजही अरुंद होतो. हेडसेटचा स्पीकर ठेवून माइक म्हणून लॅपटॉपचा निवडा, आवाज परत येईल. रोजच मीटिंगा असतील तर यूएसबी डाँगलसकट (लॅपटॉपला खोचायच्या छोट्या तुकड्यासकट) मिळणारा हेडसेट घ्या.

गाडी चालवताना वापरला तर चालतो ना?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये चालवताना हातात धरून फोन वापरणं हे धोकादायक चालवण्यात धरलं आहे. हेडसेट हातात नसतो, म्हणून लोक तो सुरक्षित समजतात. माझं मत वेगळं आहे. हात मोकळे राहिले तरी लक्ष फोनवरच्या माणसाकडे जातं. दुचाकीवर हेल्मेटच्या आत बोळे घालून मागच्या ट्रकचा हॉर्न बंद करणं तर अंगावर येणारं संकट स्वतः झाकून ठेवण्यासारखं आहे. माझे गिऱ्हाईक गाडीवर असल्याचं जाणवलं की मी ‘पोचल्यावर फोन करा’ म्हणून ठेवतो. ऑर्डर पाच मिनिटांनी घेतली तरी औषधं त्याच गाडीने जातात.

दिवसभर कानात राहिल्याने कानाला अपाय होतो का? लहरींचं काय?

काळजी आवाजाची करा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या मानकानुसार मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल आठवड्याला ४० तास ही मर्यादा धरली आहे, मुलांसाठी ७५. गोंगाटात बसून आवाज चढवत नेला तर ती सहज ओलांडली जाते. बोळे आठवड्यातून एकदा काढून पुसा, कोणाला वापरायला देऊ नका. कानात खाज किंवा दडा वाटला तर काही दिवस बाहेरून बसणारा हेडसेट वापरा आणि कानाच्या डॉक्टरांना दाखवा.

लहरींबद्दल सांगायचं तर नेहमीच्या हेडसेटची ताकद २.५ मिलिवॅटच्या घरात असते. फोन स्वतः टॉवरशी बोलताना त्याच्या कितीतरी पट ताकद लावू शकतो. हेडसेटमुळे उलट फोन डोक्यापासून लांब जातो. फोनच्या लहरींची किती ताकद शरीरात शोषली जावी (एसएआर), याची भारतातली मर्यादा शरीराच्या किलोमागे १.६ वॅट आहे, आणि *#०७# दाबल्यावर बहुतेक फोन आपला आकडा दाखवतात.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो. घरात कोणाला पेसमेकर असेल तर चुंबकाने चिकटणारे बोळे असलेला नेकबँड त्यांच्या छातीवर लोंबकळू देऊ नका. चुंबकामुळे पेसमेकरच्या कामात बदल होऊ शकतो. आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

पावसात चालेल का?

खोक्यावर पाण्यापासून बचावाचं माप लिहिलेलं असतं ते बघा. आयपीएक्स४ म्हणजे कुठूनही उडालेले शिंतोडे, घाम आणि भुरभुर चालते. आयपीएक्स७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. पण हे इअरबडचं माप असतं, डबीचं नसतं. ओला बोळा डबीत ठेवू नका, चार्जिंगच्या टोकांना गंज चढतो. कोकणात राहणाऱ्यांनी हे जास्त मनावर घ्यावं.

विकत घेताना कागदोपत्री काय बघू?

बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की खरा-खोटा कळतो. त्यानंतर पक्कं बिल, वॉरंटीत बॅटरी धरली आहे का, आणि सेवा केंद्र तुमच्या गावापासून किती लांब आहे. ओतूरच्या माणसाला पुण्याला दोन खेपा पडणार असतील तर स्वस्त हेडसेट स्वस्त राहत नाही. ऑनलाइन मागवताना परत करण्याची मुदत वाचा. काही ठिकाणी स्वच्छतेचं कारण देऊन कानात घालायच्या वस्तू फक्त बदलून देतात, पैसे देत नाहीत. तक्रार ऐकूनच घेतली नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

वर्षभर छान चालला, आता समोरचे म्हणतात आवाज बसका येतो. नवा घेऊ?

आधी माइकचं भोक बघा. टाचणीच्या टोकाएवढं असतं आणि घाम, धूळ, पावडर यांनी बुजतं. कोरड्या, मऊ ब्रशने हलकेच झाडा. सुई घालू नका, आतला पडदा फाटतो. फुंकरही नको, तिच्यातून ओल जाते. मग फोनच्या ब्लूटूथ यादीतून हेडसेट काढून टाका, नव्याने जोडा, आणि कंपनीचं ॲप असेल तर त्यात नवी आवृत्ती आली आहे का बघा. त्यानंतर ज्यांनी तक्रार केली त्यांनाच फोन लावा आणि सदुसष्ट, अडुसष्ट, साठ, आठ वाचून दाखवा. माझा सध्याचा दांडीवाला मार्चमध्ये बाद ठरवला होता. भोकातून गोळ्यांच्या पट्ट्यांची पांढरी भुकटी निघाली आणि तो अजून चालू आहे.